हातचलित कडबाकुट्टी यंत्राचे पुनरुज्जीवन

हातचलित कडबाकुट्टी यंत्राचे पुनरुज्जीवन म्हणजे वापरातून बाद झालेले, गंजलेले किंवा मोडकळीस आलेले चारा कापण्याचे यंत्र घरी अथवा गावातील कारागिरांच्या साहाय्याने पुन्हा चालू स्थितीत आणण्याची प्रक्रिया होय. ज्वारीचा वाळलेला कडबा, मका, हत्तीगवत इत्यादी वैरणीचे बारीक तुकडे करण्यासाठी हे यंत्र वापरले जाते. अशा तुकड्यांना 'कुट्टी' म्हणतात. नांदेड आणि लातूर जिल्ह्यांत, तसेच मराठवाड्याच्या इतर भागांत, विद्युत मोटारीवरील यंत्रे येण्यापूर्वी हातचलित यंत्र हे संपन्न शेतकऱ्याच्या गोठ्यातील महत्त्वाचे साधन होते. आज यांपैकी अनेक यंत्रे वाड्याच्या पडवीत, आखाड्यावर किंवा भंगारात पडलेली आढळतात.

बहुतेक भाग बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे, असल्याने हे यंत्र दीर्घकाळ टिकते आणि मोजकी अवजारे वापरून दुरुस्त करता येते. मात्र जुन्या बनावटीच्या यंत्रांत हात व बोटे यांच्या संरक्षणाची व्यवस्था बहुधा नसते. त्यामुळे यंत्र मूळ स्वरूपात जसेच्या तसे उभे करणे हे संग्रहालयापुरते योग्य ठरते. गोठ्यात वापरायच्या यंत्राला संरक्षक भागांची जोड देणे हा पुनरुज्जीवनाचाच आवश्यक टप्पा मानला जातो.

## नावे

मराठीत या यंत्रास 'कडबाकुट्टी यंत्र', 'कुट्टी मशीन' किंवा 'चारा कापणी यंत्र' अशी नावे आहेत. बोलीभाषेत नुसते 'कुट्टी' म्हटले तरी संदर्भाने यंत्र किंवा कापलेली वैरण असा अर्थ घेतला जातो. उत्तर भारतात हेच यंत्र 'टोका' या नावाने ओळखले जाते.

## इतिहास

यंत्र येण्यापूर्वी कडबा लाकडी ओंडक्यावर ठेवून कुऱ्हाडीने तोडला जाई किंवा विळ्याने कापला जाई. कित्येकदा पेंढी सोडून अख्खी ताटे गव्हाणीत टाकली जात.

जड चक्रावर पाती बसवलेली चारा कापण्याची यंत्रे एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये मोठ्या प्रमाणावर तयार होऊ लागली. इप्सविच येथील रॅन्सम्स आणि एसेक्स परगण्यातील बेंटॉल हे अशा यंत्रांचे नामांकित उत्पादक होते. फिरते पाते आणि स्थिर पट्टी यांच्यामध्ये देठ सापडून कापला जाण्याचे हेच तत्त्व हिरवळ कापण्याच्या दंडगोलाकार यंत्रातही वापरले आहे. ग्लॉस्टरशायरमधील स्ट्राउड येथील एडविन बडिंग याने १८३० मध्ये त्या यंत्राचे एकस्व घेतले. लोकरी कापडावरील वर आलेले तंतू छाटणाऱ्या गिरणीतील यंत्रावरून त्याला ही कल्पना सुचली होती. बडिंगच्या यंत्राचे उत्पादन पुढे १८३२ पासून रॅन्सम्स यांनीही केले. गवत कापण्याचे यंत्र बागेत गेले आणि चारा कापण्याचे यंत्र गोठ्यात आले, तरी दोन्हींची दुरुस्ती करणाऱ्याला सारख्याच प्रश्नांना तोंड द्यावे लागते. पात्याची धार, पाते व पट्टी यांतील अंतर आणि आसाचा ढिलेपणा हे ते तीन प्रश्न होत.

महाराष्ट्रात या यंत्राचा इतिहास लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर (१८६९–१९५६) यांच्याशी जोडलेला आहे. १८८८ मध्ये बेळगाव येथे सायकलचे दुकान सुरू करणाऱ्या लक्ष्मणरावांनी पुढे शेतीच्या अवजारांकडे लक्ष वळवले. कडबा कापण्याचे यंत्र आणि लोखंडी नांगर ही त्यांच्या कारखान्याची सुरुवातीची उत्पादने होत. लोखंडी नांगराने जमीन विषारी होते, अशा समजुतीमुळे शेतकरी सुरुवातीला नांगर घेण्यास कचरत. कडब्याच्या यंत्राचा संबंध मातीशी येत नसल्याने त्याच्या वाट्याला ही शंका आली नाही. १९१० मध्ये औंध संस्थानाचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी दिलेल्या जागेवर कारखाना उभा राहिला आणि किर्लोस्करवाडी वसली. उत्तर भारतात पंजाबमधील बटाला हे ओतकामासाठी प्रसिद्ध असलेले शहर अशा यंत्रांच्या निर्मितीचे केंद्र बनले.

## नांदेड व लातूर परिसरातील महत्त्व

लातूर जिल्हा १९८२ मध्ये तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यातून वेगळा झाला. लातूर व शेजारचा नांदेड हे दोन्ही जिल्हे पशुधनासाठी ओळखले जातात. लातूर जिल्ह्यातील देवणी व उदगीर परिसर हे देवणी गोवंशाचे, तर नांदेड जिल्ह्यातील कंधार परिसर हे लाल कंधारी गोवंशाचे मूळ क्षेत्र आहे. लोहा तालुक्यातील माळेगावची खंडोबाची यात्रा आणि उदगीर तालुक्यातील हाळी-हंडरगुळीचा बाजार जनावरांच्या खरेदी-विक्रीसाठी प्रसिद्ध आहेत.

या पशुधनाचा परंपरागत आधार ज्वारीचा कडबा हा आहे. कणसे खुडून घेतल्यावर ताटांच्या पेंढ्या बांधतात आणि त्यांची गंज किंवा वळई रचतात. कडबा शेकड्याच्या भावाने विकला जातो. रब्बी ज्वारीच्या मालदांडी या वाणाला धान्याइतकीच कडब्यासाठीही मागणी असते. परभणी येथील वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने विकसित केलेल्या 'परभणी मोती' या वाणालाही धान्याबरोबर कडब्यासाठी पसंती मिळाली आहे.

अख्खे ताट टाकल्यास जनावर पाने व शेंड्याकडचा मऊ भाग खाते आणि बुडख्याकडचा जाड भाग पायाखाली तुडवते. गव्हाणीत उरलेल्या अशा वैरणीला 'चघळ' म्हणतात. कुट्टी केल्यास पान व देठ एकत्र मिसळले जातात आणि जनावराला निवड करण्यास फारसा वाव राहत नाही. त्यामुळे नासाडी घटते व त्याच गंजीवर जनावरे अधिक दिवस पोसता येतात. कुट्टीने कडब्याची पोषणमूल्ये वाढत नाहीत, तर वाया जाणारा भाग जनावराच्या पोटात जातो.

१९७२ चा दुष्काळ, २०१२-१३ ची टंचाई आणि २०१५-१६ चा दुष्काळ यांत ही बचत निर्णायक ठरली. एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी पुरवावे लागले. अशा वर्षांत पाण्याबरोबर वैरणीचीही टंचाई होते आणि कडबा विकत घेणे परवडत नाही म्हणून जनावरे बाजारात न्यावी लागतात. दोन्ही जिल्ह्यांत खरीप ज्वारीची जागा मोठ्या प्रमाणावर सोयाबीनने घेतल्याने कडबा आणखी दुर्मीळ झाला. सोयाबीनची गुळी मळणीतूनच बारीक होऊन येते आणि तिला कुट्टीची गरज नसते. परंतु ती कडब्याची पूर्ण जागा घेऊ शकत नाही.

## रचना व कार्य

हातचलित यंत्राचे मुख्य भाग पुढीलप्रमाणे असतात.

* चौकट व पाय: बिडाचे किंवा लोखंडी कोनपट्टीचे असतात. यंत्र हलू नये म्हणून पाय जमिनीत किंवा लाकडी ओंडक्यावर पक्के केलेले असतात.
* जड चक्र: यास फ्लायव्हील म्हणतात. त्याच्या आऱ्यांवर बहुधा दोन वक्र पाती बोल्टने बसवलेली असतात आणि परिघाजवळ फिरवण्याची मूठ असते.
* पन्हळ: कडबा सरकवण्याची लाकडी किंवा पत्र्याची उघडी नळी.
* दातेरी रूळ: वर-खाली बसवलेले दोन रूळ कडबा पकडून आत ओढतात. वरचा रूळ स्प्रिंगने किंवा वजनाने दाबलेला असतो.
* दंतचक्रे: चक्राची गती रुळांपर्यंत नेतात. काही यंत्रांत रूळ थांबवण्यासाठी किंवा उलटे फिरवण्यासाठी दांडा असतो.
* स्थिर पट्टी: यंत्राच्या तोंडाशी बसवलेली पोलादी कड. फिरते पाते तिच्या अगदी जवळून जाते.

तुकड्याची लांबी दोन गोष्टींवर ठरते. चक्राच्या एका फेऱ्यात रूळ कडबा किती पुढे ढकलतात ही एक आणि चक्रावर किती पाती आहेत ही दुसरी. एका फेऱ्यात कडबा ४ सें.मी. सरकत असेल आणि पाती दोन असतील, तर तुकडे सुमारे २ सें.मी. लांबीचे पडतात. एक पाते काढून ठेवल्यास तुकडे ४ सें.मी.चे होतात. शिवाय चक्राचा तोल जाऊन यंत्र हादरू लागते. म्हणून लांबी बदलायची असल्यास दंतचक्रे बदलतात, पाते काढत नाहीत.

यंत्र चालवण्यास साधारणतः दोन माणसे लागतात. एक चक्र फिरवतो आणि दुसरा पन्हळीत कडबा सारतो.

## पुनरुज्जीवनाची प्रक्रिया

### प्राथमिक पाहणी

यंत्र दुरुस्त करण्याजोगे आहे की नाही, हे मुख्यतः चक्रावर ठरते. बीड कठीण पण ठिसूळ असल्याने चक्र पडल्यास किंवा त्यावर घाव बसल्यास त्यास सूक्ष्म तडा जातो. चक्र टांगून लाकडी हातोडीने हलके ठोकल्यास अखंड चक्राचा नाद घंटेसारखा घुमतो, तर तडा गेलेल्या चक्राचा आवाज बद्द येतो. दुसऱ्या पद्धतीत संशयित भागावर रॉकेल लावून ते कोरडे पुसतात आणि वर खडूची पूड भुरभुरवतात. तड्यात मुरलेले रॉकेल वर येऊन पुडीत ओलसर रेघ दिसते. आऱ्याला किंवा मध्यभागी तडा असलेले चक्र जोडून वापरू नये. असे यंत्र शोभेसाठी ठेवावे किंवा चक्र बदलावे.

चौकट व पाय यांवरील किरकोळ तडे अनुभवी कारागिराकडून पितळी झाळ देऊन किंवा बिडासाठीची निकेलयुक्त कांडी वापरून सांधता येतात. त्यासाठी भाग आधी तापवावा लागतो व नंतर सावकाश थंड करावा लागतो. साधे वेल्डिंग केल्यास सांध्याच्या बाजूला नवा तडा जाण्याचा संभव असतो.

### भाग सुटे करणे

कोणताही बोल्ट सैल करण्यापूर्वी चक्राच्या आऱ्यांत लाकडी पाचर अडकवून ते जखडतात. प्रत्येक टप्प्याचे छायाचित्र घेतल्यास जुळणी सोपी होते. धारेवर जाड गोणपाट गुंडाळून पाती सर्वांत आधी काढतात आणि कोणते पाते कोणत्या आऱ्यावर होते याची खूण करतात. त्यानंतर दंतचक्रे, रूळ आणि शेवटी चक्र काढले जाते. चक्र उतरवण्यास किमान दोन माणसे असावीत.

गंजून घट्ट झालेल्या बोल्टांवर रॉकेल किंवा डिझेल लावून ते काही दिवस मुरू देतात. घाई करून घाव घातल्यास बोल्टऐवजी बिडाचे कान तुटतात. जुन्या यंत्रांत अनेकदा इंचाच्या मापाचे व्हिटवर्थ आटे असतात. त्यांच्या आट्यांचा कोन ५५ अंश, तर आजच्या मिलिमीटरच्या बोल्टांचा ६० अंश असतो. जवळच्या मापाचा नवा बोल्ट जोराने आवळल्यास छिद्रातील आटे कायमचे खराब होतात. म्हणून मूळ बोल्ट नमुन्यासाठी जपून ठेवतात.

### गंज काढणे

वरवरचा गंज तारेच्या ब्रशने व पॉलिश कागदाने निघतो. लहान भाग लिंबूसत्त्वाच्या सौम्य द्रावणात काही तास ठेवून घासतात, नंतर सोड्याच्या पाण्याने धुऊन लगेच कोरडे करून तेल लावतात. ओले राहिल्यास काही वेळातच नवा गंज धरतो.

दातेरी रुळांसारख्या खाचखळग्यांच्या भागांसाठी विद्युत अपघटनाची पद्धत उपयुक्त असते. प्लॅस्टिकच्या टबात दर १० लिटर पाण्यास सुमारे १०० ग्रॅम धुण्याचा सोडा घालतात. बॅटरी चार्जरचे ऋण टोक गंजलेल्या भागास आणि धन टोक साध्या लोखंडाच्या तुकड्यास जोडतात. दोन्ही लोखंडे एकमेकांस लागू देत नाहीत. धन टोकास स्टेनलेस स्टील वापरू नये, कारण त्यातून क्रोमियमची विषारी संयुगे तयार होतात. या क्रियेत हायड्रोजन वायू निघत असल्याने काम उघड्यावर आणि ठिणगी, विडी, चूल यांपासून दूर करावे लागते. कठीण पोलादाची पाती या पद्धतीने स्वच्छ करत नाहीत. हायड्रोजन शोषल्याने ती ठिसूळ होऊ शकतात.

### पाती व स्थिर पट्टी

यंत्राची कार्यक्षमता मुख्यतः या दोन भागांवर अवलंबून असते. पात्याची एक बाजू सपाट व दुसरी उतरती असते. धार फक्त उतरत्या बाजूने आणि मूळ कोनातच लावतात. सपाट बाजूवर आलेली बारीक कडी सहाणेवर हलकेच काढतात. सपाट बाजू घासून गोलसर झाल्यास पाते पट्टीपासून दूर जाते आणि कडबा कापला न जाता दोन्हींमध्ये वाकून अडकतो.

विद्युत सहाणेवर धार लावताना पाते वारंवार पाण्यात बुडवावे लागते. धारेवर निळसर छटा दिसू लागल्यास पोलादाचा कठीणपणा गेला असे समजतात. असे पाते थोड्याच वापरात बोथट होते. लोहाराच्या भट्टीत तापवून घडवलेल्या पात्यालाही पुन्हा पाणी पाजावे लागते, अन्यथा तेही मऊ राहते. गावोगावी फिरणारे घिसाडी समाजातील कारागीर या कामात परंपरेने वाकबगार मानले जातात. दोन्ही पाती समान वजनाची राहावीत म्हणून एकावर जितके घासकाम होईल तितकेच दुसऱ्यावर करतात आणि तराजूने खात्री करून घेतात.

स्थिर पट्टीची कड झिजून गोल झालेली असल्यास ती कानशीने सरळ करतात किंवा उलटी बसवता येत असल्यास दुसरी कड वापरात आणतात. केवळ पात्यांना धार लावून पट्टी तशीच ठेवणे, हे दुरुस्तीनंतरही यंत्र नीट न कापण्याचे नेहमीचे कारण असते. कात्रीचे एकच पाते धारदार असून चालत नाही, तसाच हा प्रकार आहे.

### आस, रूळ व दंतचक्रे

आसाचा ढिलेपणा तपासण्यासाठी चक्र धरून पुढे-मागे व वर-खाली हलवून पाहतात. बुश झिजलेले असल्यास पाते फिरताना डोलते. मग पाते व पट्टी यांतील अंतर कोणत्याही बोल्टने जुळत नाही. नवे बुश खरादावर तयार करून घेता येतात. तेलाच्या छिद्रांत साचलेली जुनी मळी तारेने काढतात.

वरच्या रुळाची स्प्रिंग सैल पडल्यास कडबा घसरतो आणि सारणाऱ्या व्यक्तीला तो हाताने ढकलावा लागतो. हात रुळांजवळ जाण्याचे हे एक प्रमुख कारण असल्याने कमकुवत स्प्रिंग बदलणे ही सुरक्षेचीही बाब आहे. दंतचक्राचे लागोपाठचे दाते तुटले असल्यास चक्र बदलणेच योग्य ठरते.

### लाकूडकाम

पन्हळीचे लाकूड बहुधा कुजलेले किंवा वाळवीने खाल्लेले असते. सुताराकडून बाभळीच्या किंवा सागाच्या फळ्यांची नवी पन्हळ करून घेताना ती मूळ पन्हळीपेक्षा लांब ठेवतात आणि रुळांकडचा भाग वरून झाकतात. लाकडास जवसाचे कच्चे तेल चोळल्यास ते टिकते. या तेलाने भिजलेल्या चिंध्या गोळा करून ठेवल्यास आपोआप तापून पेट घेऊ शकतात. गंजीजवळ तर त्या कधीही टाकू नयेत. त्या मोकळ्यावर पसरून वाळवाव्यात.

### रंगकाम

जुन्या रंगांत शिसे असण्याची शक्यता गृहीत धरावी लागते. परंपरागत शेंदूर हा शिशाचाच ऑक्साइड असून लोखंडावरील अस्तरासाठी तो पूर्वी सर्रास वापरला जाई. गुरांना रंगाचे पापुद्रे चाटण्याची सवय असते आणि शिशाची विषबाधा त्यांना प्राणघातक ठरू शकते. त्यामुळे जुना रंग कोरडा घासत नाहीत. तो ओला करून, नाकातोंडावर मास्क लावून, गोठ्यापासून दूर खरवडतात आणि खरवड गोळा करून बंद डब्यात ठेवतात. भारतात घरगुती व सजावटीच्या रंगांतील शिशाचे प्रमाण २०१६ च्या नियमांनी दशलक्ष भागांत ९० भागांपर्यंत मर्यादित केले आहे. नवे अस्तर म्हणून रेड ऑक्साइड वापरतात. तो लोहाचा ऑक्साइड असून शेंदरापेक्षा वेगळा असतो. पाती, स्थिर पट्टी, रुळांचे दाते आणि कडब्याला स्पर्श करणारे इतर भाग रंगवत नाहीत. त्यांना खाद्यतेलाचा पातळ हात देतात. गाडीतून काढलेले जुने काळे तेल अशा भागांना लावणे अयोग्य आहे.

### जुळणी व चाचणी

जुळणीनंतर चक्र हाताने अतिशय सावकाश एक पूर्ण फेरा फिरवतात. प्रत्येक पाते पट्टीच्या संपूर्ण लांबीवर जवळून जावे, पण कोठेही घासू नये. हे अंतर पात्यामागील बोल्टांनी जुळवतात. मग वर्तमानपत्राची पट्टी लांब चिमट्याने तोंडाशी धरून दुसऱ्या व्यक्तीकडून चक्र फिरवून घेतात. ती सर्व ठिकाणी स्वच्छ कापली गेली, तर जुळणी योग्य समजतात. कागद दुमडत असल्यास अंतर जास्त आहे किंवा धार अपुरी आहे.

पहिल्या दिवशी थोडाच कडबा कापून सर्व बोल्ट पुन्हा आवळतात. यंत्राजवळ पडलेले नट, तारेचे तुकडे व खिळे चुंबकाने वेचून घेतात. पहिली कुट्टी जनावरांना न घालता तपासून टाकून देतात. वैरणीबरोबर गेलेला खिळा किंवा तार जनावराच्या जठरात रुतून पुढे हृदयापर्यंत इजा करू शकते.

## सुरक्षितता

कडबाकुट्टी यंत्रामुळे बोटे किंवा हात तुटण्याचे अपघात ग्रामीण भारतात दीर्घकाळ होत आले आहेत. इजा प्रामुख्याने रुळांत, पात्यांत आणि उघड्या दंतचक्रांत हात सापडून होते. रूळ वैरण आणि बोट यांत फरक करत नाहीत. चक्र फिरवणाऱ्याने हात सोडला, तरी वजनामुळे ते काही वेळ फिरतच राहते आणि ओरड ऐकून थांबेपर्यंत इजा झालेली असते. यंत्र बंद असतानाही मुले खेळताना चक्र फिरवतात व दुसऱ्याचे बोट सापडते.

भारतीय तंत्रज्ञान संस्था, दिल्ली येथील दिनेश मोहन व राजेश पटेल यांनी शेती अवजारांच्या सुरक्षित रचनेसंबंधीचा अभ्यास १९९२ मध्ये प्रसिद्ध केला. चारा कापण्याच्या यंत्रात साध्या व कमी खर्चाच्या बदलांनी अपघात टाळता येतात, हा विचार अशा अभ्यासांतून पुढे आला. जुन्या यंत्रावर करावयाचे बदल पुढीलप्रमाणे आहेत.

* पन्हळ लांब करणे व रुळांकडील भाग झाकणे, जेणेकरून हात रुळांपर्यंत पोहोचणार नाही.
* रुळांच्या अलीकडे एक सैल फिरणारा 'इशारा रूळ' बसवणे. हात त्यास लागताच सारणाऱ्याला धोक्याची जाणीव होते.
* दंतचक्रांवर पत्र्याचे आवरण आणि पात्यांसमोर संरक्षक पट्टी लावणे.
* काम संपल्यावर चक्र जखडण्यासाठी खिळ बसवून तिला कुलूप लावणे.

वैरण सारण्याचे काम अनेक घरांत स्त्रिया करतात. पदर, ओढणी, सैल बाही किंवा धोतराचा सोगा रुळांत ओढला जाऊ शकतो. त्यामुळे पदर खोचून घेणे, पुरेशा उजेडात काम करणे आणि मुलांना यंत्रापासून दूर ठेवणे आवश्यक असते. शेवटचा आखूड कडबा हाताने न ढकलता पुढच्या पेंढीने ढकलतात. अडकलेली वैरण चक्र जखडल्यावर आणि काठीनेच काढतात.

अपघात झाल्यास जखमेवर स्वच्छ कापडाने दाब देऊन रक्तस्राव थांबवावा व १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. तुटलेले बोट ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करावे आणि ती पिशवी बर्फावर ठेवावी. बोट थेट बर्फात ठेवल्यास त्यातील ऊती मरतात व ते पुन्हा जोडता येत नाही. रुळांत अडकलेला हात ओढून काढू नये. चक्र जखडून वरच्या रुळाचा दाब सैल करावा.

## मर्यादा

जुन्या हातचलित यंत्राला विद्युत मोटार जोडणे हा दुरुस्तीतील सर्वांत धोकादायक प्रकार आहे. फिरणाऱ्या चक्रावरील ताण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाल्यास ताण चौपट आणि वेग चौपट झाल्यास तो सोळापट होतो. हाताच्या गतीसाठी ओतलेले बिडाचे चक्र अशा ताणाने फुटू शकते किंवा पाते निखळून उडू शकते. मोटारीचे यंत्र हवे असल्यास त्याच कामासाठी बनवलेले घेणे योग्य असते. कृषी यांत्रिकीकरणाच्या शासकीय योजनांतून अशा यंत्रांसाठी अनुदानही दिले जाते.

हातचलित यंत्र दोन-चार जनावरांच्या गोठ्यास पुरेसे ठरते. मोठ्या गोठ्यासाठी किंवा मुरघासासाठी लागणारी मोठ्या प्रमाणावरील कुट्टी त्यावर करणे श्रमाचे व वेळखाऊ असते. भारनियमनाच्या काळात आणि वीज न पोहोचलेल्या आखाड्यांवर मात्र ते उपयोगी पडते. कुट्टी केल्याने कोवळ्या ज्वारीतील विषारी द्रव्य नाहीसे होत नाही, त्यामुळे कोवळा पोंगा कापून घातला तरी जनावरास विषबाधा होऊ शकते.

## देखभाल

चालू यंत्रात रोज काम सुरू करण्यापूर्वी आसाच्या छिद्रांत तेलाचे थेंब सोडतात आणि पात्यांचे बोल्ट तपासतात. काम झाल्यावर रुळांतील चोथा काढतात, कारण हिरव्या वैरणीचा आंबट रस लोखंड लवकर खातो. पावसाळ्यात यंत्र छपराखाली ठेवून पात्यांना तेलाचा हात देतात. चक्र फिरवण्यास जड जाऊ लागणे, तुकड्यांची टोके पिंजलेली निघणे आणि कडबा रुळांत गुंडाळला जाणे, ही पाती व पट्टी यांकडे लक्ष देण्याची वेळ झाल्याची लक्षणे होत.

## हेही पाहा

* किर्लोस्करवाडी
* लक्ष्मणराव किर्लोस्कर
* देवणी गाय
* लाल कंधारी गाय
* ज्वारी
* मुरघास